पेशीचा तपासणी नाका

मुंबई-गोवा महामार्गावर सावंतवाडी मागे टाकून बांद्याकडे जाताना लागणारे इन्सुली हे गाव महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेजवळ असल्याने बाहेरगावच्या माणसाला ते प्रथम ठाऊक होते ते तेथील तपासणी नाक्यामुळे. गोव्यात स्वस्त मिळणारे मद्य चोरून महाराष्ट्रात येऊ नये म्हणून राज्य उत्पादन शुल्क विभाग या नाक्यावर वाहने तपासतो, आणि तेथे पकडला जाणारा माल सहसा उघड्यावर नसतो. कागदपत्रे चोख असलेल्या रोजच्या मालाच्या आड किंवा गाडीत मुद्दाम केलेल्या चोरकप्प्यात तो सापडतो. शरीरातील सर्वांत लहान सीमेचा, म्हणजे पेशीपटलाचा, व्यवहार समजावून घेताना हे उदाहरण उपयोगी पडते. पेशीही अनोळखी वस्तूला अडवते, परंतु ज्या मालावाचून तिचे चालत नाही तो माल ती स्वतःच आत ओढून घेते, आणि कर्करोगावरील नॅनोऔषधे तिच्या याच गरजेचा फायदा घेतात.

त्याच सीमेवरून उलट दिशेने आणखी एक वाहतूक चालते. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या पट्ट्यातील गंभीर दुखण्याचा रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेला जातो, आणि कर्करोगाचे निदान झाले की घरातल्या चर्चेत बांबोळीच्या जोडीला परळचे टाटा रुग्णालय येते. अशा घरांपर्यंत आता ‘नॅनो’ हा शब्दही पोहोचला आहे, आणि तो बहुधा एका मोठ्या आश्वासनासह पोहोचतो: हे औषध थेट कर्करोगाच्या पेशीत शिरते आणि बाकीच्या शरीराला धक्का लावत नाही. या आश्वासनाचा उत्तरार्ध बऱ्याच अंशी खरा आहे, पूर्वार्ध मात्र अजून फारसा सिद्ध झालेला नाही, आणि दोहोंमधला फरक कळण्यासाठी पेशीच्या दारात काय घडते ते पाहावे लागते.

दारातून आत

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानाने ऐंशी हजार नॅनोमीटर, तांबड्या रक्तपेशीचा व्यास सात हजारांच्या आसपास आणि औषध वाहून नेणारा नॅनोकण बहुधा शंभरच्या आगेमागे असतो. पेशीभोवतीचे स्निग्ध पदार्थाचे दुहेरी पटल मात्र जेमतेम पाच ते दहा नॅनोमीटर जाडीचे असते. केमोथेरपीतील पुष्कळशी नेहमीची औषधे इतक्या लहान रेणूंची असतात की ती या पटलातून झिरपून आत जाऊ शकतात, आणि त्यांची अडचण नेमकी हीच आहे, कारण जे औषध गाठीच्या पेशीत झिरपते ते हृदयाच्या, केसांच्या मुळाच्या आणि अस्थिमज्जेच्या पेशीतही तितक्याच सहजतेने झिरपते. नॅनोकणाला ही मोकळीक नाही. पटलाच्या दहा-वीस पट मोठा असल्याने त्याला झिरपता येत नाही. पेशीने गिळले तरच तो आत जातो.

पेशीच्या या गिळण्याला पेशीभक्षण म्हणता येईल आणि त्याच्या अनेक रीती आहेत. सर्वांत बारकाईने अभ्यासलेल्या रीतीत पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही, म्हणजे विशिष्ट पदार्थ ओळखून धरून ठेवणारी प्रथिने, आपापला माल पकडून एका ठिकाणी गोळा होतात. पटलाच्या आतल्या बाजूने क्लॅथ्रिन नावाची तीन पायांची प्रथिने एकमेकांत गुंफून जाळी विणू लागतात, जाळीच्या ताणाने पटलाला खळगा पडतो, खळगा खोल होत जातो आणि शेवटी डायनामिन नावाचे दुसरे प्रथिन त्याची मान आवळून तोडते. परिणामी शंभर-दीडशे नॅनोमीटरची एक बंद पिशवी पेशीच्या आत सुटते. रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणारे कण पेशी अशाच रीतीने घेते, हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी जन्मजात अतिकोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णांच्या पेशी अभ्यासून दाखवले आणि त्यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. लोहही याच दाराने आत येते. क्लॅथ्रिनवाचून चालणाऱ्या वाटाही आहेत, आणि त्यांतील एका महत्त्वाच्या वाटेचा शोध घेण्यात बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सत्यजित मेयर यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. याखेरीज पेशी कधी कधी पटलाचा पदर बाहेर फेकून भोवतालच्या द्रवाचा मोठा घोटच घेते, आणि काही कर्करोगांच्या पेशी असे घोट घेण्यात विशेष पटाईत असतात.

हे सारे ऊर्जा खर्चून चालते, आणि प्रयोगशाळेत त्याची पडताळणी एका साध्या युक्तीने होते. पेशींचे ताट चार अंश सेल्सिअसला ठेवले की गिळण्याची यंत्रणा थंडावते. तेव्हा चकाकणारा रंग लावलेले नॅनोकण सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या कडेला चिकटलेले दिसतात, पण आत जात नाहीत. तेच ताट सदतीस अंशांना आणल्यावर कडेचा रंग हळूहळू आत सरकू लागतो आणि केंद्रकाभोवती ठिपक्याठिपक्यांनी जमा होतो. रंग पेशीभर एकसारखा न पसरता ठिपक्यांत राहतो, म्हणजे कण अजून पिशव्यांतच आहेत. या ठिपक्यांकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

कणाचा आकार किती असावा याचे उत्तर 2006 साली टोरोंटोतील वॉरन चॅन यांच्या प्रयोगशाळेतून आले. त्यांनी वेगवेगळ्या आकारांचे सोन्याचे कण हेला जातीच्या कर्करोगपेशींना दिले, तेव्हा पन्नास नॅनोमीटरच्या आसपासचे कण सर्वाधिक संख्येने आत गेले. त्याहून लहान आणि त्याहून मोठे, दोन्ही कमी. याचे कारण पटलाच्या हिशेबात आहे. फार लहान कण पुरेसे ग्राही एका वेळी गुंतवू शकत नाही, त्यामुळे पटल त्याच्याभोवती वळत नाही, आणि फार मोठा कण इतके ग्राही अडवून धरतो की ते जमेपर्यंत वेळ जातो. कणावर धन विद्युतभार असेल तर पेशीच्या ऋणभारित पृष्ठभागाला तो लगेच चिकटतो आणि अधिक प्रमाणात आत जातो, पण असे कण पटलाला इजा करत असल्याने ते विषारीही ठरतात.

घोडे पेंड खाते ते येथे

आत शिरणे म्हणजे पोहोचणे नव्हे. गिळलेली पिशवी पेशीच्या आत प्रवास करू लागते तसा तिच्यातील द्रव आम्ल होत जातो, रक्तातील 7.4 च्या सामूपासून तो सहाच्या आसपास आणि अखेरीस साडेचार-पाचपर्यंत उतरतो, आणि पिशवी लयकारिकेत, म्हणजे पचनरस भरलेल्या कोशिकेत, रिकामी होते. बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तिआन द द्यूव्ह यांनी 1955 मध्ये ओळख करून दिलेली ही कोशिका पेशीचा कचरा नष्ट करते आणि औषधालाही कचराच समजते. म्हणून नॅनोऔषध रचणाऱ्यांची खरी कसोटी पेशीच्या बाहेरच्या दारात नसून या आतल्या पिशवीत लागते. पिशवी लयकारिकेला मिळण्यापूर्वी औषधाला तिच्यातून निसटता आले पाहिजे.

हे किती अवघड आहे याचा अंदाज 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीवरून येतो. जनुकांचे काम थांबवणारे आरएनएचे तुकडे स्निग्ध नॅनोकणांत भरून पेशींना दिले असता पिशवीतून निसटून पेशीद्रवात उतरलेला भाग शेकडा एक-दोन इतकाच होता. एमआरएनए लशींचे यश उभे आहे ते या निसटण्याच्या रसायनावर. त्यांतील विशिष्ट स्निग्ध रेणू रक्तात भाररहित राहतात, म्हणून निरुपद्रवी असतात, आणि पिशवीतील आम्लात शिरल्यावर धनभारित होऊन तिचे आवरण फोडतात. भारतातील पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने तयार केली व तिला 2022 मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तेव्हा या विद्येचा काही भाग महाराष्ट्रात आला. कर्करोगावरील एमआरएनए उपचारांच्या चाचण्या जगभर चालू आहेत त्याही याच पायावर.

लाल औषध

केमोथेरपीच्या डे-केअर विभागात ज्याला सर्रास लाल औषध म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन होय. ते स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या मातीतील जिवाणूपासून मिळते, स्तनाच्या कर्करोगापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत अनेक ठिकाणी उपयोगी पडते, आणि त्याचा मोठा दोष असा की त्याची एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचा स्नायू कायमचा दुबळा होतो. म्हणूनच आयुष्यभरात किती द्यायचे याचा हिशेब रुग्णाच्या फाइलमध्ये ठेवावा लागतो.

जेरुसलेमचे येहेझ्केल बारेनहोल्झ आणि आल्बर्टो गाबिझॉन यांनी हे औषध लायपोसोममध्ये, म्हणजे पेशीपटलासारख्याच स्निग्ध पदार्थाच्या पोकळ गोळीत, कोंडले. लायपोसोमची ओळख 1960 च्या दशकात केंब्रिजजवळ काम करणाऱ्या ॲलेक बँगहॅम यांनी करून दिली होती, परंतु औषध आत भरणे आणि आतच टिकवणे जमत नव्हते. त्यावर काढलेला तोडगा मोठा कल्पक आहे: गोळीच्या पोकळीत आधी अमोनियम सल्फेट भरून ठेवायचे, म्हणजे बाहेरचे डॉक्सोरुबिसिन पटलातून आत झिरपते, आतल्या सल्फेटशी संयोग पावून स्फटिकरूप होते आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. शंभर नॅनोमीटरहून लहान अशा एका गोळीत औषधाचे दहा हजारांहून अधिक रेणू मावतात. वरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा लेप दिल्याने यकृतातील व प्लीहेतील भक्षकपेशींना ती चटकन ओळखता येत नाही आणि ती कित्येक दिवस रक्तात फिरत राहते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1995 च्या नोव्हेंबरमध्ये तिला परवानगी दिली. नॅनोऔषधांचा इतिहास बहुधा येथून सांगितला जातो.

प्रत्यक्ष देतानाही हे औषध वेगळे दिसते. साधे डॉक्सोरुबिसिन पारदर्शक लाल असते, लायपोसोममधले किंचित धूसर. ते शीतपेटीत दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते, पण गोठू द्यायचे नसते; पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाणाऱ्या तालुक्यांत ही अट कागदावर दिसते तितकी सोपी नाही. ते मिठाच्या सलाइनमध्ये न मिसळता पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळले जाते, आणि सुरुवातीला मिनिटाला एक मिलिग्रॅम इतक्या संथपणे सोडले जाते, कारण काही रुग्णांना पहिल्या काही मिनिटांतच चेहरा लाल होणे, छाती भरून येणे, पाठ दुखणे असा त्रास होतो. रक्तात दीर्घकाळ फिरणाऱ्या गोळ्या तळहात व तळपायांच्या त्वचेतही साचतात, तेथे आग होते, साले निघतात. बीजाशयाच्या कर्करोगाच्या चाचण्यांत निम्म्या रुग्णांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात झाला. गरम पाणी टाळा, हातापायांवर घर्षण होऊ देऊ नका, हा परिचारिकेचा सल्ला भातलावणी आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईला पाळता येईल का, हे विचारणारे मात्र फार थोडे असतात.

आणि गाठीचे काय? स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या 509 स्त्रियांवर केलेली व 2004 मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना येथे सर्वांत बोलकी आहे. साधे औषध घेतलेल्या गटाचे मध्यक आयुष्य सुमारे 22 महिने आणि लायपोसोममधले औषध घेतलेल्या गटाचे सुमारे 21 महिने निघाले, म्हणजे गाठीवरचा परिणाम जवळपास सारखाच. हृदयाची हानी मात्र साध्या औषधाने कितीतरी अधिक झाली. पेशीत नेमके शिरण्याच्या कौशल्यासाठी गाजलेल्या औषधाचे सिद्ध झालेले यश, ते कोठे जात नाही यात आहे.

महाराष्ट्राला हे तत्त्व एका वेगळ्याच संकटात घरोघर कळले. 2021 मध्ये कोविडमागोमाग काळी बुरशी आली तेव्हा नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत वणवण करत होते ते लायपोसोममधले ॲम्फोटेरिसिन होते. साधे ॲम्फोटेरिसिन बुरशी मारते पण मूत्रपिंडे खराब करते, लायपोसोममधले त्यांना बरेच सांभाळते. त्याचा देशी प्रकार घडवण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचे काम पायाभूत मानले जाते. त्याआधी 2012 मध्ये अमेरिकेतच लायपोसोममधल्या डॉक्सोरुबिसिनचा तुटवडा पडला तेव्हा तेथील प्रशासनाने मुंबईच्या सन फार्माचे उत्पादन तात्पुरते आयात करू दिले आणि पुढच्याच वर्षी त्या कंपनीच्या जेनेरिक प्रकाराला रीतसर मान्यता दिली.

गाठीपर्यंतचा रस्ता

नॅनोकण गाठीतच जास्त जमतात, ही समजूत 1986 साली जपानमधील यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांच्या निरीक्षणावर उभी आहे. घाईने वाढणाऱ्या गाठीच्या रक्तवाहिन्या कच्च्या, फटी असलेल्या असतात आणि तेथे लसिकावाहिन्यांचा निचरा नीट नसतो, म्हणून मोठे कण फटींतून बाहेर पडतात आणि तेथेच राहतात, असे हे प्रतिपादन. उंदरांच्या कातडीखाली वाढवलेल्या गाठींत ते छान दिसते. माणसातली गाठ मात्र वर्षानुवर्षे वाढलेली असते, तिच्यातला दाब जास्त असतो, आणि एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही रक्तवाहिन्या सारख्या नसतात.

चॅन यांच्याच गटाने 2016 मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेला मध्यक भाग शेकडा 0.7 निघाला, म्हणजे हजार कणांतले सातच. उरलेल्यांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा घेतात. 2020 मध्ये त्यांनी पुढचा धक्का दिला: जे कण गाठीत शिरतात त्यांतील 97 टक्क्यांपर्यंत कण फटींतून न जाता रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींकडून सक्रियपणे आत नेले जातात. त्यातच रक्तात पडताक्षणी कणावर रक्तातील प्रथिनांचा थर बसतो, त्यामुळे रसायनशास्त्रज्ञाने मोठ्या कष्टाने लावलेली ओळखचिठ्ठी पेशीला दिसेलच असे नाही. या क्षेत्रात इतकी वर्षे शोधनिबंधांचा पाऊस पडूनही रुग्णालयात पोहोचलेली औषधे मोजकीच का, याचे उत्तर येथे सापडते.

मोजक्यांतले दुसरे ठळक नाव पॅक्लिटॅक्सेलचे. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकात देतात, आणि त्या द्रावकाचीच तीव्र ॲलर्जी येते. 2005 मध्ये मान्यता मिळालेल्या नव्या प्रकारात तेच औषध रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाच्या सुमारे 130 नॅनोमीटरच्या कणांत बांधलेले असते. दुधाळ दिसणारे हे औषध तीन तासांऐवजी अर्ध्या तासात देता येते आणि ॲलर्जीसाठी आधी स्टेरॉइड देण्याची सहसा गरज पडत नाही. दूरच्या गावाहून आलेल्या आणि संध्याकाळची एसटी गाठायची असलेल्या रुग्णाला हे अडीच तास लहान नाहीत.

पवई आणि खारघर

औषध वाहून नेण्याऐवजी कणच शस्त्र म्हणून वापरण्याची कल्पना महाराष्ट्रात तपासली गेली आहे. आयआयटी मुंबईतील रोहित श्रीवास्तव व रिंटी बॅनर्जी आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेतील अभिजित डे यांच्या गटांनी मिळून लायपोसोमवर सोन्याचा लेप चढवला आणि उंदरांवरील निष्कर्ष 2015 मध्ये ‘नॅनो लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. असा कण कातडीतून काही अंतर आरपार जाणारा अवरक्ताच्या जवळचा प्रकाश शोषतो आणि तापतो; गाठीत कण असताना वरून लेसर सोडला की गाठ आतून भाजते, आणि जेथे लेसर पडत नाही तेथे सोने निमूट राहते. या कामाचे खरे महत्त्व सोन्याच्या शेवटाशी आहे. घन सोन्याचा कण यकृतात वर्षानुवर्षे पडून राहू शकतो, हा या उपचाराचा जुना आक्षेप. स्निग्ध गाभ्यावर चढवलेले सोने मात्र काही नॅनोमीटरच्या तुकड्यांत विखरते आणि शरीराबाहेर टाकले जाऊ शकते, असे या गटांनी दाखवले. हे उंदरांतील काम आहे, हे मात्र विसरता कामा नये.

सोन्याचा विषय निघाला की सुवर्णभस्माचे नाव निघतेच, आणि त्यात अतिसूक्ष्म कण आढळल्याचे निबंधही आहेत. पण कण लहान असणे आणि तो ठरलेल्या पेशीत, ठरलेल्या मात्रेने जाऊन ठरलेले काम करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सिद्ध करण्यासाठी लागणारा पुरावा भस्माच्या बाबतीत कोणी मांडलेला नाही. केंद्र सरकारने 2019 मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत कणाचा आकार, पृष्ठभाग, शरीरातील वाटप आणि निचरा यांची वेगवेगळी चौकशी अपेक्षित आहे, ती याचसाठी.

फाइलमधली एक ओळ

इन्सुलीच्या परिसरातून निघणाऱ्या रुग्णापुढे हा प्रश्न शास्त्राच्या रूपात येत नाही, तो दराच्या आणि नावाच्या रूपात येतो. 2018 मध्ये बांबोळीला गोव्याबाहेरच्या रुग्णांसाठी शुल्क आले तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाले होते. नॅनो प्रकारची औषधे साध्या औषधांपेक्षा महाग, आणि ती प्रत्येक वेळी अधिक गुणकारी असतात असेही नाही. हृदय आधीच दुबळे असेल, आधी लाल औषधाची मर्यादा गाठत आली असेल किंवा ॲलर्जीचा इतिहास असेल, तर जादा पैशांचा मोबदला मिळतो. नसेल तर डॉक्टरांनी साधे औषध सुचवल्याने रुग्णाने काही गमावले असे होत नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने सांभाळावी. लायपोसोममधले डॉक्सोरुबिसिन आणि साधे डॉक्सोरुबिसिन यांच्या मात्रा वेगळ्या आहेत, नावे जवळजवळ सारखी आहेत, आणि एकाऐवजी दुसरे त्याच मात्रेत देऊ नये असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो. म्हणून एका रुग्णालयातून दुसऱ्यात, बांबोळीहून परळला किंवा परळहून घराजवळच्या केंद्रात जाताना, औषधाचे पूर्ण नाव, ‘लायपोसोमल’ या शब्दासह, दिलेली मात्रा आणि आजवरची एकूण बेरीज फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.